उत्तरे टॅली होत नाहीत तेव्हा: मेकॅनिक्सच्या पेपर-सेटर आणि परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
प्रथम वर्ष इंजिनिअरिंगच्या मेकॅनिक्स विषयाचे पेपर काढणारे आणि तपासणारे मुंबईतील सर्व प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

मी गेली १९ वर्षे मुंबईत प्रथम वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स शिकवते आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या शेजारी बसून मी कॅप सेंटरवर, म्हणजे विद्यापीठाच्या एकत्रित तपासणी केंद्रावर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले आहेत, काहींबरोबर पेपरही काढले आहेत, आणि आपण हे काम किती कमी वेळात आणि किती घाईगर्दीत करतो याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही हे पत्र खासगीत न पाठवता उघडपणे लिहिते आहे, कारण विषय विद्यार्थ्यांचा आहे आणि तो त्यांनी व त्यांच्या आईवडिलांनीही वाचावा असे मला वाटते. माझी मागणी एका वाक्यात सांगता येते: मेकॅनिक्सचा पेपर सुटला की त्याच संध्याकाळी त्याची सोडवलेली उत्तरे आणि गुणांची विभागणी आपण मुलांच्या हाती द्यावी. ही मागणी कशातून आली ते मात्र थोडे सविस्तर सांगावे लागेल.

गेल्या हिवाळी परीक्षेत मेकॅनिक्सच्या पेपरला माझे सुपरव्हिजन होते. साडेपाचला शेवटची घंटा झाली, सप्लिमेंट बांधल्या आहेत की नाहीत ते पाहून झाले, हजेरीशी उत्तरपत्रिकांचा आकडा जुळला, आणि गठ्ठा परीक्षा विभागात देऊन मी जिना उतरू लागले. पहिल्या मजल्याच्या वळणावर सहा-सात मुले घोळक्याने उभी होती. एकाने खिडकीच्या कट्ट्यावर प्रश्नपत्रिका पालथी पसरली होती, दुसऱ्याच्या हातात कॅल्क्युलेटर अजून चालूच होता, आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. मेकॅनिक्सच्या पेपरनंतर हे दृश्य दरवर्षी दिसते. भाषेच्या किंवा थिअरीच्या पेपरनंतर मुले ‘कसा गेला’ एवढे विचारून पांगतात. मेकॅनिक्समध्ये प्रत्येकाच्या हातात एक आकडा असतो आणि तो शेजारच्याच्या आकड्याशी जुळतो की नाही हे कळल्याशिवाय कोणाचा पाय निघत नाही.

वाद चालला होता तो सहा गुणांच्या एका प्रश्नावर. त्याचा आशय असा: ३० अंशांच्या उतारावर १०० न्यूटन वजनाचा ठोकळा ठेवला आहे, ठोकळा आणि उतार यांच्यातील घर्षण गुणांक ०.२५ आहे, तर ठोकळा समतोलात ठेवण्यासाठी उताराला समांतर, वरच्या दिशेने लावायचे बल काढा.

“ट्वेंटी-एट पॉइंट थ्री फाइव्ह,” एक मुलगा ठामपणे म्हणाला.

“काहीतरीच काय. सेव्हंटी-वन पॉइंट सिक्स फाइव्ह आहे. माझ्या पुढच्या बेंचवरच्याचं पण तेच आलंय.”

“माझं तर नुसतं पन्नास आलं,” तिसरा अगदी हळू आवाजात म्हणाला, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला विसरता येत नाही.

दोन मिनिटे नुसतीच ओढाताण झाली. मग खिडकीला टेकून उभी असलेली एक मुलगी, जी तोवर काही बोलली नव्हती, तिने विचारले, “तुमच्या दोघांची बेरीज किती होते?” कॅल्क्युलेटरवाल्याने बोटे चालवली. बेरीज बरोबर १०० आली. “आणि अर्धे केले की पन्नास,” ती म्हणाली. “म्हणजे पन्नास हे शंभर साइन थर्टी. तू त्यातून फ्रिक्शन वजा केलंस, त्याने मिळवलं. फ्रिक्शन कुठल्या बाजूला दाखवलंत तेवढाच फरक आहे.” तिने पेन घेतले आणि पालथ्या प्रश्नपत्रिकेवर दोन एफबीडी (ठोकळ्यावरची सगळी बले बाणांनी दाखवणाऱ्या आकृत्या) शेजारी शेजारी काढल्या: एकीत घर्षणाचा बाण उतारावर वरच्या दिशेने, दुसरीत खालच्या दिशेने. मग तिने घर्षण गुणांक शून्य धरून दोन्ही समीकरणे पुन्हा मांडली आणि दोन्हींतून पन्नासच येतात हे दाखवले.

सहकाऱ्यांनो, मी सत्रभर वर्गात मर्यादा तपासून पाहा, गुणांक शून्य करून पाहा, चिन्ह उलट करून पाहा असे सांगत असते आणि मुले माना डोलवतात. त्या दिवशी जिन्यावर, कोणी न सांगता, एका मुलीने ते केले आणि तिच्या भोवतीच्या सहाही जणांना ते समजले, कारण त्या क्षणी ते समजून घेण्याची त्यांना जितकी निकड होती तितकी वर्षभरात कधीच नव्हती.

“मग बरोबर कोणाचं?” कोणीतरी विचारले.

तिने प्रश्न पुन्हा वाचला आणि म्हणाली, “पेपर काढणाऱ्याने काय धरलंय त्यावर आहे.”

या वाक्यापाशी मला थांबावे लागेल, कारण ते वाक्य खरे होते आणि ते खरे असता कामा नये. उतारावरच्या ठोकळ्याचे काय होते हे पेपर काढणाऱ्याच्या मनावर अवलंबून नसते. घर्षणाचे नियम अमाँताँने १६९९ मध्ये मांडले आणि कुलोंबने १७८१ च्या निबंधात पुढे नेले, तेव्हापासून आपण मुलांना शिकवत आलो आहोत की गुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया ही स्थिर घर्षणाची कमाल मर्यादा आहे; घर्षण त्या मर्यादेच्या आत गरजेपुरते आणि गरजेच्या दिशेने वागते. या प्रश्नात ती मर्यादा २१.६५ न्यूटन येते. बाहेरून लावलेले बल २८.३५ न्यूटनपेक्षा कमी असेल तर ठोकळा खाली घसरेल, ७१.६५ न्यूटनपेक्षा जास्त असेल तर वर सरकेल, आणि या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठलेही बल लावले तरी ठोकळा जागच्या जागी राहील. म्हणजे ‘समतोलात ठेवण्यासाठी लागणारे बल’ असे विचारल्यावर एक आकडा उत्तर म्हणून येऊच शकत नाही. येतो तो पल्ला. ‘खाली घसरू न देण्यासाठी किमान बल’ असे विचारले असते तर पहिल्या मुलाचे उत्तर, आणि ‘वर सरकवायला लागण्याच्या बेतात असताना’ असे विचारले असते तर दुसऱ्याचे. प्रश्नातून एक शब्द गळला आणि घर्षणावरचा एक चांगला प्रश्न पेपर-सेटरच्या मनातले ओळखण्याचा प्रश्न झाला.

आणि तो तिसरा, पन्नासवाला मुलगा? त्याने घर्षण विसरून गणित सोडवले होते, हे त्यानेच कबूल केले. पण पन्नास न्यूटन लावले तर ठोकळा खरोखरच समतोलात राहतो, तेही घर्षणाची जरासुद्धा मदत न घेता. त्याला किती गुण द्यायचे, हा प्रश्न मी नंतर चार सहकाऱ्यांना विचारला आणि मला चार वेगळी उत्तरे मिळाली.

तेवढ्यात मुलांना मी दिसले. “मॅम, कुठलं करेक्ट धरणार?” मी त्यांच्यासमोर उभी होते, मला गणित येत होते, प्रश्नातली उणीव दिसत होती, आणि तरीही मी म्हणाले, “झालं ते झालं, आता उद्याच्या पेपरचं बघा.” सुपरव्हायझरने पेपरवर बोलू नये हा संकेत मी पाळला. मुले गप्प झाली, त्यांनी प्रश्नपत्रिकेची घडी घातली आणि ती स्टेशनच्या दिशेने निघून गेली. वाद अर्थातच थांबला नाही. तो माटुंग्याच्या पुलावर चालू राहिला असणार, लोकलच्या दारात चालू राहिला असणार, आणि रात्री वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर तो चालू राहिलाच, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. तिथे ७१.६५ वाल्यांची संख्या जास्त निघाली, म्हणून तेच बरोबर ठरले, आणि २८.३५ वाल्यांनी सहा गुण गेले असे धरले. कुठल्याशा क्लासच्या सोडवलेल्या पानाचा फोटोही फिरला. त्यात घर्षणाचा बाण एका दिशेला दाखवला होता आणि आकडेमोडीत त्याचे चिन्ह उलट दिशेचे होते.

आपल्याकडून उत्तर मिळाले नाही म्हणून उत्तरे फिरायची थांबत नाहीत. ती फिरतातच, फक्त ती बहुमताने ठरतात, किंवा वर्गातल्या हुशार मुलाच्या नावावर खपतात, किंवा ज्याने सर्वांत आधी पानाचा फोटो टाकला त्याची होतात. ज्या विषयात आपण मुलांना सांगतो की बलांची बेरीज शून्य होते की नाही हे स्वतः मांडून पाहा, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नका, त्या विषयाच्या पेपरचे उत्तर हात वर करून ठरावे, हे मला सहन होत नाही.

कॅपवर काय झाले तेही सांगते, कारण ते आपल्याच कामाशी निगडित आहे. उत्तरसूचीत त्या प्रश्नाला एकच आकडा दिलेला होता. मी आमच्या टेबलावर ही अडचण मांडली, आणि आमच्या मॉडरेटरनी (तपासणीवर देखरेख करणाऱ्या वरिष्ठ परीक्षकांनी) ती मोकळेपणाने ऐकून घेतली: घर्षणाची दिशा जी धरली असेल तिच्याशी समीकरण सुसंगत असेल तर दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण, असे ठरले. आमच्या टेबलापुरते ठरले. ती सूचना बाकीच्या टेबलांपर्यंत पोहोचल्याचे मी पाहिले नाही. पेपर झाल्यावर दोन तासांत उत्तरसूची सर्वांसमोर आली असती तर शहरातल्या कितीतरी शिक्षकांनी आणि त्याहून जास्त विद्यार्थ्यांनी ही उणीव त्याच रात्री दाखवून दिली असती, आणि कॅप सुरू होण्याआधी ती दुरुस्त होऊन सर्व टेबलांवर एकसारखी गेली असती. आपल्या चुका पकडायला जितके डोळे फुकट उपलब्ध आहेत, तितके आपण का वापरत नाही?

दुसरा अनुभव माझ्या स्वतःच्या हातून घडलेला आहे, आणि तो लिहिताना मला अजूनही वाईट वाटते. काही वर्षांपूर्वी वीस गुणांच्या अंतर्गत चाचणीनंतर एका मुलाने कॅन्टीनमध्ये मित्रांशी उत्तरे पडताळली. एकही उत्तर जुळले नाही. त्याने स्वतःला शून्य गुण देऊन टाकले, घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशीच्या चाचणीला आलाच नाही. आठवड्याने त्याची उत्तरपत्रिका माझ्यासमोर आली. एफबीडी सुरेख होत्या, बिजागरीवरची प्रतिक्रिया दोन घटकांत दाखवलेली होती, समीकरणे अचूक होती, आणि साइन ३० च्या जागी सगळीकडे उणे ०.९८८ लिहिले होते. त्याचा कॅल्क्युलेटर डिग्रीऐवजी रेडियनवर होता. मी त्याला वीसपैकी पंधरा गुण दिले, कारण मी तपासताना आकृतीला, समीकरणांना आणि ती सोडवण्याच्या पद्धतीला वेगवेगळे गुण देते आणि शेवटच्या आकड्याला, एकक व दिशेसह, थोडेच राखते. आपणही बहुतेक जण असेच तपासतो. पण हे आपल्याला माहीत असते. कॅन्टीनमध्ये बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला ते माहीत नसते. त्याच्या लेखी उत्तर टॅली झाले तर सगळे मिळाले, नाही झाले तर सगळे गेले. गुणांची विभागणी मी त्याच संध्याकाळी सूचनाफलकावर लावली असती तर आकृतीचे इतके, समीकरणांचे इतके हे वाचून तो मुलगा दुसऱ्या दिवशी चाचणीला बसला असता. पंधरा गुण मिळवणाऱ्या मुलाला त्या सत्रात दुसऱ्याच विषयात केटी लागली, म्हणजे त्या विषयात तो नापास झाला.

तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक चाचणीनंतर अर्ध्या तासाच्या आत सोडवलेली उत्तरे आणि गुणांची विभागणी विभागाबाहेरच्या फलकावर लावते. सुरुवातीला मला भीती वाटली होती की मुले भांडायला येतील. मुले येतात, पण त्यांचे बोलणे बदलले आहे. पूर्वी ती ‘मॅम, दोन मार्क वाढवा ना’ म्हणत येत. आता ‘मी मोमेंट बी बिंदूऐवजी ए बिंदूभोवती घेतला, तरी उत्तर तेच आले, मग समीकरणाचा एक गुण का कापला’ असे विचारत येतात, आणि अनेकदा त्यांचे म्हणणे बरोबर असते.

‘झालेल्या पेपरवर बोलू नये’ हा सल्ला आपल्या घराघरांत दिला जातो, आणि मीही तो त्या दिवशी जिन्यावर दिला. त्यामागची माया मला समजते. पुढचा पेपर डोक्यावर असताना गेलेल्या गुणांचा हिशेब मांडत बसले की मन खचते, हे मी वर सांगितलेल्या मुलाच्या बाबतीतच पाहिले. काही मुले उत्तरे पडताळताना मुद्दाम लांब उभी राहतात. त्यांना कोणी त्यात ओढू नये. पण खचायला होते ते पडताळण्यामुळे कमी आणि अर्धवट पडताळण्यामुळे जास्त: आकडे जुळले नाहीत एवढे कळते, का जुळले नाहीत ते कळत नाही, आणि कितीचे नुकसान झाले तेही कळत नाही. शिवाय बोलू नका म्हटल्याने कोणी बोलायचे थांबत नाही. काही कॉलेजांत पेपर सुटताच शिपाई आणि सुपरव्हायझर मिळून मुलांना जिन्यावरून आणि व्हरांड्यातून हुसकावून लावतात. दुसऱ्या वर्गात पेपर चालू असेल तर शांतता हवी हे मान्य, पण सगळी बिल्डिंग रिकामी झाल्यावरही हुसकावले जाते तेव्हा त्यांनी कट्ट्यावर पसरलेली प्रश्नपत्रिका त्यांच्या हातून आपणच काढून घेत असतो.

जी च्या, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या, मूल्याबद्दलही लिहायला हवे, कारण उत्तरे न जुळण्याचे ते सर्वांत साधे कारण आहे. २० मीटर प्रतिसेकंद वेगाने ३० अंशांत फेकलेला चेंडू किती दूर पडेल, या गणितात ९.८१ घेतले तर ३५.३१ मीटर येतात आणि अकरावी-बारावीच्या सवयीने १० घेतले तर ३४.६४. पद्धत एकच, समज एकच, आणि जिन्यावर दोन मुले एकमेकांना चूक ठरवतात. प्रमाण म्हणून ठरवलेले ९.८०६६५ हे मूल्य १९०१ मध्ये स्वीकारले गेले. ते जवळपास ४५ अंश अक्षांशावरचे आहे. आपली मुंबई १९ अंशांवर, आणि इथे जी ९.७९ च्या आसपास आहे. ते घेतले तर चेंडू ९.८१ च्या हिशेबापेक्षा फक्त ७ सेंटीमीटर पुढे पडतो. तेव्हा कुठल्याच आकड्यात पावित्र्य नाही. पेपरवर कोणते मूल्य घ्यायचे ते स्पष्ट छापावे, आणि उत्तरसूचीत नेमका आकडा न लिहिता अमुक ते अमुक यांतले काहीही स्वीकारावे असा पल्ला लिहावा, म्हणजे साइन आणि कोसाइनची दोन दशांश घेणाऱ्या मुलाला चार दशांश घेणाऱ्याइतकेच गुण मिळतील.

हे सगळे अशक्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी इतरत्र काय चालते ते पाहावे. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या गणितात मेकॅनिक्सचा भाग असतो, आणि तिथली परीक्षा मंडळे आपली गुणदान योजना छापून खुली करतात. तिच्यात पद्धतीच्या गुणांना ‘एम’, अचूकतेच्या गुणांना ‘ए’ आणि स्वतंत्र गुणांना ‘बी’ अशा खुणा असतात, आणि आधीच्या चुकीचा आकडा पुढे योग्य रीतीने वापरला असेल तर कुठे गुण द्यायचे तेही लिहिलेले असते. तिथेही मुले पेपर सुटल्यावर आमचे उत्तर हे आले, तुमचे काय आले, असे एकमेकांना विचारतातच. पण पुढे कधीतरी त्यांच्या हाती असा कागद येतो की ज्यावर वाद मिटतो. इतके लांब जायचीही गरज नाही. सीबीएसई बोर्ड आपल्या गुणदान योजना संकेतस्थळावर ठेवते. सीएच्या परीक्षेची सुचवलेली उत्तरे ती परीक्षा घेणारी आयसीएआय ही संस्था स्वतः प्रसिद्ध करते. आपल्याकडे प्रथम वर्षाला येणारी मुले जेईई मेन किंवा आपल्या राज्याची सीईटी देऊन येतात, आणि तिथे त्यांना उत्तरसूची पाहायला मिळते, एखादे उत्तर चूक वाटले तर हरकत नोंदवता येते. त्या मुलांना इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सत्रात आपण असा पेपर देतो की ज्याचे उत्तर काय होते ते कोणी अधिकृतपणे सांगतच नाही. जी सवय त्यांना बारावीच्या वर्षी लागली ती आपण पहिल्या सत्रात मोडतो.

सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसईच्या प्रकरणात निकाल दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखाली माहिती आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा हक्क आहे. हा निकाल महत्त्वाचा आहे, पण तो परीक्षेचा निकाल लागल्यानंतरच उपयोगी पडतो. फोटोकॉपीसाठी अर्ज करून ती हातात येईपर्यंत पुढचे सत्र निम्मे संपलेले असते आणि त्या ठोकळ्याशी मुलाला काही देणेघेणे उरलेले नसते. आपल्यातील काहींना अशी भीती वाटते की उत्तरे उघड केली तर पेपर-सेटरवर व्यक्तिगत रोख येईल. त्यांच्यासाठी सांगते की त्याच निकालात परीक्षकांची ओळख पटेल असा मजकूर झाकावा असेही न्यायालयाने स्पष्ट केले आहे. सोडवलेल्या उत्तरांवर कोणाचे नाव लागत नाही आणि लागायची गरजही नाही.

कामाचा बोजा वाढेल, ही हरकत मला मान्य नाही. पेपर काढतानाच आपण त्याचे उत्तर सोडवून देतो. ते पाकिटात असतेच. फक्त ते पाकीट कॅप सुरू होईपर्यंत बंद न ठेवता पेपर सुटल्यावर उघडायचे आहे. खुल्या उत्तरांमुळे मुले गणिते पाठ करतील अशीही एक हरकत मी ऐकली आहे. जुन्या पेपरांची सोडवलेली पुस्तके मुले आजही विकत घेतात आणि पाठ करतात, फक्त त्यात आपला हात नसतो आणि त्यातल्या चुकांची जबाबदारी कोणावरच नसते.

पेपरवर छापले जाणारे ‘आवश्यक वाटल्यास योग्य ती माहिती गृहीत धरा’ हे वाक्य आपण फार सैलपणे वापरतो, तेही बदलायला हवे. स्टीलची घनता किंवा पट्ट्याचे नगण्य वजन गृहीत धरणे ठीक आहे. ठोकळा वर जाण्याच्या बेतात आहे की खाली येण्याच्या, दोरी कप्पीच्या कुठल्या बाजूने गेली आहे, शिडी ज्या भिंतीला टेकली आहे ती गुळगुळीत आहे की नाही, ही माहिती गृहीत धरायची नसते. तोच प्रश्न असतो. आणि तरीही ती सुटली असेल, तर ज्या विद्यार्थ्याने आपण काय धरले ते स्पष्ट लिहून त्याप्रमाणे सुसंगत गणित केले त्याला पूर्ण गुण मिळायलाच हवेत, मग त्याचा आकडा सूचीतला असो वा नसो. पेपर छापायला जाण्याआधी दुसऱ्या एका शिक्षकाने तो घड्याळ लावून, सूची न पाहता सोडवावा, एवढी एकच गोष्ट केली तर असे बहुतेक प्रश्न आधीच सापडतील. माझ्या हातून निसटलेले दोन प्रश्न माझ्या सहकारी मैत्रिणीला याच रीतीने सापडले होते.

येत्या परीक्षेपासून मी माझ्या परीने सुरुवात करते आहे. आमच्या प्राचार्यांची परवानगी मी घेतली आहे. मेकॅनिक्सचा पेपर सुटल्यावर साडेपाच ते सात मी आमच्या तळमजल्यावरच्या ड्रॉइंग हॉलमध्ये फळ्यापाशी बसेन. सगळे ब्लॉक रिकामे झालेले असतील, गठ्ठे जमा झालेले असतील. ज्या मुलांना उत्तरे पडताळायची असतील त्यांनी यावे, ज्यांना नको असतील त्यांनी घरी जावे. मी पेपर मुलांसमोर सोडवेन, माझे उत्तर हे अधिकृत उत्तर नाही हे आधी सांगेन, आणि जिथे प्रश्नाचे दोन अर्थ निघतात तिथे दोन्ही आकृत्या फळ्यावर काढेन. आपल्यापैकी ज्यांची कॉलेजे अंधेरी, विद्याविहार, वांद्रे किंवा नवी मुंबईच्या बाजूला आहेत, त्यांनी आपापल्या ठिकाणी असेच बसायचे ठरवले तर आपण त्या रात्रीच एकमेकांची उत्तरे ताडून पाहू शकू. मुले जे जिन्यावर करतात ते आपणही एकदा करून पाहू.

आणि त्या संध्याकाळी पहिल्या मजल्याच्या वळणावर ज्या मुलांनी मला ‘कुठलं करेक्ट’ असे विचारले होते, त्यांच्यापर्यंत हे पत्र पोहोचले तर त्यांना माझे उत्तर हे: २८.३५ न्यूटन ते ७१.६५ न्यूटन यांमधले कोणतेही बल, दोन्ही टोके धरून. पहिल्या दोघांची गणिते बरोबर होती. पन्नासवाल्याचा आकडाही ठोकळ्याला थांबवतो, फक्त आकृतीत घर्षण दाखवायचे राहिले होते. आणि जिने बेरीज करून पाहिली तिने त्या दिवशी पेपरमध्ये काय लिहिले होते ते मला विचारायचे राहून गेले. ती ड्रॉइंग हॉलमध्ये आली तर पहिली आकृती मी तिला काढायला सांगणार आहे.

आपली,
मेकॅनिक्स शिकवणारी एक प्राध्यापिका
माटुंगा, मुंबई